चाकोरीबाहेर

साडू हे नातं कुणी बघून करत नाही. मुलगी बघायला गेलेला माणूस फार तर होणाऱ्या सासूकडे एकदा नीट बघून घेतो. साडू मात्र थेट लग्नाच्या पंगतीत भेटतो, आणि तोवर तो त्या घरात लोणच्यासारखा मुरलेला असतो. माझे साडू माझ्या आधी सात वर्षं मुरले. सासरी आंब्याची पहिली पेटी त्यांची. मी काही सुचवलं की सासरे म्हणायचे, "बरं, पण त्यांना एकदा विचारून घ्या." सासरे गेले, पद्धत राहिली.

साडूभाऊ कोथरूडला राहतात आणि एका कारखान्याच्या खरेदी विभागात आहेत. दिवसभर लोकांकडून तीन-तीन कोटेशनं मागवायची, त्यातलं स्वस्तातलं धरायचं आणि त्यावरही पाच टक्के पाडून मागायचे, हे त्यांचं काम. संध्याकाळी हाच माणूस घरी येतो आणि एकही कोटेशन न मागवता वाट्टेल ते विकत घेतो. आधी ट्रेकिंगचं पर्व झालं. पाण्यात न भिजणारे बूट आले, ते सिंहगडाच्या गाडीतळापर्यंत जाऊन आले. मग सायकल, मग दुर्बीण, मग घरच्या घरी कॉफी भाजायचं यंत्र. या सगळ्याचे अवशेष त्यांच्या बाल्कनीत थराथरांनी पडून आहेत. डेक्कन कॉलेजातल्या एखाद्या विद्यार्थ्याने खणून बघितलं तर पर्वांचा क्रम अचूक लागेल. सगळ्यात वरचा, ताजा थर 'ओव्हरलँडिंग'चा.

म्हणजे गाडी. पांढरी, उंच, टपावर लोखंडी जाळी, मागे डिझेलचा जादा डबा. (डबा रिकामा असतो. गाडी पेट्रोलची आहे.) मागच्या काचेवर डोंगर, होकायंत्र आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'चाकोरीबाहेर'. या गाडीबद्दलची एक गोष्ट साडूभाऊ आपण होऊन सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. इंजिनाची ताकद तिच्या फक्त पुढच्या दोन चाकांना जाते. बायको ओटी भरायला देवळात शिरली की बाहेर चपला सांभाळत उभे राहणारे नवरे असतात ना, तशी मागची दोन चाकं नुसती सोबत असतात. हा विषय कुणी काढलाच तर साडूभाऊ गिअरशेजारचं एक गोल बटण दाखवतात. ते फिरवलं की पडद्यावर निवडुंगाचं चित्र येतं आणि खाली 'सँड मोड'. चाक घसरायला लागलं तर इंजिनाने जोर किती लावायचा आणि ब्रेकने कधी धरायचं, या सूचना त्या बटणाने बदलतात. मागच्या चाकांना कुणी काही कळवत नाही.

गाडी आल्यापासून साडूभाऊ रात्री ऑस्ट्रेलियात असतात. क्वीन्सलँडमध्ये पूर्वी फ्रेझर म्हणायचे त्या बेटावर सेव्हन्टी-फाइव्ह माइल नावाचा किनारा आहे. तो किनारा म्हणजे तिथला सरकारमान्य रस्ताच. ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, वेळप्रसंगी छोटी विमानंही तिथेच उतरतात. बायका-मुलं, तंबू, शेगडी असा अख्खा संसार गाडीत घालून माणसं लाटांच्या कडेने सुसाट जातात. हे व्हिडिओ त्यांनी मला इतक्यांदा दाखवलेत की त्या माणसांची मुलं मोठी होताना मी बघितली आहेत. त्या बेटावर जायला चारही चाकं ओढणारी गाडी लागते आणि वर परवाना काढावा लागतो, हा भाग आला की साडूभाऊ व्हिडिओ पुढे ढकलतात.

तर जानेवारीत केळशी ठरली. ते दोघं, त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा, आम्ही दोघं, आमची बारा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७६, माहेर गुहागरकडचं. "तंबूत झोपायचंय," असं त्यांना भीतभीतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मांडवातच झोपायचं ना? लग्नघरी नेहमी झोपतो." त्यांनी एक पिशवी आणली. तिच्यात दोन लुगडी, भाजणीचा डबा, सुपारीची चंची आणि कालनिर्णय.

साडूभाऊंच्या सामानाची यादी देत नाही, मासिकाची पानं मोजकी असतात. नारिंगी रंगाच्या दोन जाड फळ्यांचा मात्र उल्लेख केला पाहिजे. गाडी वाळूत रुतली की त्या चाकाखाली सरकवायच्या, मग चाकाला पकड मिळते. वस्तू खरोखर कामाची आहे. ती त्यांनी डिकीत सगळ्यात आधी ठेवली. म्हणजे तळाला. तिच्यावर तंबू, तंबूवर गाद्या, गाद्यांवर शेगडी, शेगडीवर सासूबाईंची आरामखुर्ची.

ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला पोचलो आणि फेरीबोटीने वेश्वीला उतरलो. बोटीवर चढताना साडूभाऊंनी बटण फिरवून निवडुंग आणला. "वाळू कुठाय?" असं मुलीने विचारलं. "सवय हवी," ते म्हणाले.

केळशीला सुरूच्या बनाला लागून एका वाडीवाल्याने तंबूला जागा दिली. वाडीत नारळी-पोफळी, मागे विहीर, समोर पुळण. तंबूच्या पिशवीवर 'दोन मिनिटांत उभा' असं छापलं होतं. किती वेळ लागला ते सांगत नाही, पण तेवढ्या वेळात सासूबाईंनी वाडीवालीची नणंद कुणाच्या घरात दिली आहे इथपर्यंत तपास पूर्ण केला. वाडीवाला सुपारी कातरत बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "खुंट्या वाळूत राहायच्या नाहीत. खताच्या पिशवीत वाळू भरा, तिला दोरी बांधा नि ती पिशवीच पुरा." साडूभाऊ हसले आणि म्हणाले, "या खुंट्या टायटॅनियमच्या आहेत." वारा समुद्रावरून येत होता, म्हणून त्यांनी त्या बाजूला आठ खुंट्या मारल्या आणि जमिनीच्या बाजूला दोनच.

दिवसा समुद्राकडून येतो तो खारा वारा. रात्री जमीन निवते आणि वारा उलटतो, जमिनीकडून समुद्राकडे जातो. त्याला मतलई म्हणतात. हे मीही चौथी-पाचवीत कधीतरी पाठ केलं होतं. रात्री दोनच्या सुमारास मतलई आली, दोन खुंट्या काही न बोलता निघाल्या आणि माझे साडू व मेहुणी झोपलेला तंबू मागून फुगून पुढे वाकला. आतून मेहुणीचा आवाज आला, "अहो, आपण निघालोय का?" सकाळी आठ वाजता खताच्या पिशव्या आल्या.

दुसरा दिवस शनिवार. दुपारी बाराला ओहोटी होती आणि पुळण लांबवर उघडी पडली होती. इवल्या खेकड्यांनी वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घातली होती. जेवणं झाली. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी. साडूभाऊ डुलकी काढून साडेतीनला उठले आणि म्हणाले, "चला."

सासूबाई खुर्चीत बसून सुपारी चघळत होत्या. त्यांनी कालनिर्णय उघडलंसुद्धा नाही. "जावईबापू, आज अष्टमी. तिथीची पाऊणपट करायची. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती भरणार. पाणी कधीचं उलटलंय."

"आई, माझ्याकडे भरतीचं ॲप आहे," असं म्हणून साडूभाऊंनी मोबाइल उघडला. पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरत राहिलं. केळशीच्या पुळणीवर रेंज नव्हती.

पुळणीत उतरणाऱ्या वाटेवर पाटी होती. किनाऱ्यावर वाहने नेण्यास सक्त मनाई आहे. साडूभाऊंनी गाडी थांबवून ती पूर्ण वाचली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "वाहनं म्हणजे ते रिक्षा, टेम्पो," असं म्हणून ते पुढे निघाले. इथे मी उतरायला हवं होतं. मी पुढच्या सीटवर बसलो होतो, पट्टा लावलेला होता आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

वाटेच्या तोंडाशी त्यांनी चाकातली हवा मोजायचं यंत्र काढलं. दाब ३३ निघाला. वाळूत तो १८ च्या आसपास उतरवतात. टायर पसरट होतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक रुतण्याऐवजी वाळूवर तरंगल्यासारखं जातं. हे सगळं साडूभाऊंनी आम्हाला गुडघ्यावर बसून समजावलं. मग ते उठले आणि यंत्र खिशात घातलं.

"हवा सोडायची ना?" मी विचारलं.

"नायट्रोजन आहे तो. पैसे देऊन भरलाय."

"काका," मागून मुलगी म्हणाली, "साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो."

"तो वेगळा," साडूभाऊ म्हणाले.

पहिली दोनशे-अडीचशे मीटर झकास गेली, हे कबूल करतो. कोरड्या आणि ओल्या वाळूच्या मधला पट्टा फरशीसारखा टणक असतो. काचा खाली, तोंडावर खारा वारा, डाव्या हाताला लाटा. साडूभाऊंच्या चेहऱ्यावर मी इतक्या वर्षांत कधी न बघितलेला आनंद होता. क्षणभर मलाही वाटलं की आपण उगाच लोकांना नावं ठेवतो. मुलं ओरडत होती. साडूभाऊ म्हणाले, "एक फोटो, पाण्याजवळ," आणि त्यांनी गाडी खाली वळवली.

तिथे गावाकडून आलेला एक पऱ्या पुळणीतून समुद्राला मिळत होता. पाणी बोटभर, पण खालची वाळू त्या पाण्याने पार भुसभुशीत झालेली. त्यातच साडूभाऊंनी फोटोसाठी ब्रेक दाबला. वाळूत ब्रेक दाबला की चाकापुढे वाळूचा छोटा बांध तयार होतो, हेही त्यांच्याच व्हिडिओत आहे. फोटो झाला. गाडी सुरू झाली, पुढे सरकली, त्या बांधाला टेकली आणि थांबली. साडूभाऊंनी पाय दिला.

मी दार उघडून खाली बघत होतो. चाक पुढे जात नव्हतं, खाली जात होतं. मागे ओल्या वाळूचा फवारा उडत होता आणि प्रत्येक फेऱ्यागणिक चाक स्वतःचा खड्डा स्वतः मन लावून खणत होतं. आधी टायरची नक्षी भरून गुळगुळीत झाली. मग टायर दिसेनासा झाला. मग रबर जळल्याचा वास आला आणि गाडीचं पोट वाळूला टेकलं. ते टेकताना म्हैस चिखलात बसते तसा एक समाधानाचा आवाज झाला. मागची दोन चाकं कोरडी, स्वच्छ, बघत उभी. पडद्यावर निवडुंग टवटवीत होता.

"फळ्या!" साडूभाऊ म्हणाले.

सासूबाईंची खुर्ची वाडीत होती, एवढाच काय तो फायदा. शेगडी निघाली, गाद्या निघाल्या, आणि त्या ओल्या वाळूवर ठेवायच्या कुठे म्हणून माझी बायको एक गादी डोक्यावर घेऊन उभी राहिली. फळ्या हाताला लागेपर्यंत पहिली लाट चाकाला शिवून गेली होती. फळ्या सरकवल्या, साडूभाऊंनी पुन्हा पाय दिला, चाकाने एक फळी गिळली आणि मागच्या बाजूने समुद्राकडे फेकली. भाचा ती आणायला पळाला.

बनातून चार-सहा पोरं आली, त्यांच्या मागून वाडीवाला. कुणी हसलं नाही. कोकणात असल्या वेळी कुणी हसत नाही, रात्री घरी गेल्यावर हसतात. "गाडी कशाला घातलीत पुळणीत?" एवढंच एकाने विचारलं, तेही तब्येत विचारावी तसं. पोरांनी घमेली आणली, पोटाखालची वाळू उपसली आणि चाकांखाली नारळाच्या झावळ्या कोंबल्या. नारिंगी फळ्यांकडे कुणी बघितलंही नाही. मग ट्रॅक्टर आला. त्याने वरच्या कोरड्या अंगाला उभं राहून होडीचा दोरखंड सोडला.

पाणी दाराच्या खालच्या पट्टीला लागलं होतं. आणि इथे साडूभाऊंमधला खरेदी विभाग जागा झाला.

"किती घ्याल?"

ट्रॅक्टरवाल्याने आकडा सांगितला.

"छे! नुसतं ओढायचं तर आहे. शेवटचं सांगा."

ट्रॅक्टरवाल्याने समुद्राकडे बघितलं, मग गाडीकडे, मग बिडी काढली. "बोला की सावकाश. मला काय घाई नाय."

आणखी दोन ट्रॅक्टरवाले असते तर माझ्या साडूंनी तिथे उभं राहून तीन कोटेशनं मागवली असती, याबद्दल माझी खात्री आहे. मेहुणी गुडघाभर पाण्यातून पुढे आली, त्यांच्या पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट तिने काढलं आणि सांगितला तेवढा आकडा मोजून दिला. तोवर एक बरीशी लाट मागच्या दाराने आत जाऊन, सीटखाली सगळं बघून, परत आली होती.

पावणेसहाला गाडी कोरड्यात आली. सहाला पाणी चढायचं थांबलं.

"नशीब अष्टमी होती," सासूबाई म्हणाल्या. "भांगाची भरती. फार चढत नाही. पुनवेचं उधाण असतं तर स्टेअरिंगला शंख लागले असते."

पोलीसपाटील आले. त्यांनी नंबर लिहून घेतला आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ बद्दल, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवण्याबद्दल, दोन शब्द शांतपणे सांगितले. साडूभाऊंनी पाटीचा विषय काढला नाही. खरं काम त्यांच्यानंतर आलेल्या माणसाचं होतं. चाळिशीचा, किडकिडीत, कपाळाला बॅटरी लावलेला. तो कासवमित्र होता. या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री वर येऊन वाळूत अंडी घालतात, एका खेपेला शंभराच्या आसपास. पन्नासेक दिवसांनी पिल्लं निघतात. कासवमित्र पहाटे माग काढून अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात, पण एखादं घरटं नजरेतून सुटतं. त्या घरट्यावरून चाक गेलं की वरची वाळू दाबली जाते. ते वाचलं तरी पिल्लू दोन बोटांएवढं असतं. समुद्राकडे निघालेलं पिल्लू चाकाने पाडलेल्या चरात पडलं की वर चढू शकत नाही, त्या चरातूनच चालत राहतं. सकाळी कावळे वाट बघत असतातच.

"ही तुमची चाकोरी बुजवायला हवी," तो म्हणाला. "वरच्या अंगाची तरी, रात्र व्हायच्या आत."

त्याने तो शब्द अगदी सरळ अर्थाने वापरला. मी गाडीच्या मागच्या काचेकडे बघितलं आणि पटकन मान फिरवली. साडूभाऊंनीही तेच केलं असावं, कारण आमची नजरानजर झाली.

मग त्यांनी डिकीतून घडीचं फावडं काढलं. हे फावडं मी दोन वर्षं बघतोय, त्याच्यावरचं किमतीचं लेबल तोवर शाबूत होतं. आणि या गोष्टीचं श्रेय मी साडूभाऊंना देतो. वरपासून उतरणीपर्यंतची दोन्ही चाकांची चाकोरी त्यांनी स्वतः बुजवली, कुणाला हात लावू दिला नाही. भाचा बॅटरी धरून मागून चालत होता. आठ वाजता आले तेव्हा तळहातांना फोड आले होते. सासूबाईंनी खोबरेल लावलं आणि गरम थालीपीठ पुढे ठेवलं.

रात्री गावात देवळापाशी रेंज आली. साडूभाऊंनी ॲप उघडलं. भरती ५ वाजून ५२ मिनिटं, असं दाखवत होतं.

"तुमचं यंत्र आठ मिनिटं पुढे आहे," सासूबाई म्हणाल्या.

परत आल्यावर गाडी तीनदा आतून-बाहेरून गोड्या पाण्याने धुतली. मीठ कुठे कुठे शिरतं ते मेकॅनिकने खाली झोपून दाखवलं. साडूभाऊंनी पुढचे पंधरा दिवस ओव्हरलँडिंगचा शब्द काढला नाही. सोळाव्या दिवशी त्यांच्याकडे एक खोकं आलं, त्यात शिडाच्या होडीची दोरी कशी बांधायची ते शिकवणारा संच होता.

गाडी आता विकायची आहे. जाहिरातीचा मजकूर त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला, "तुम्ही लिहिता ना" म्हणून. एकच मालक, पुण्यात वापरलेली, नायट्रोजन भरलेले टायर, सोबत नारिंगी फळी एक नग. किमतीत घासाघीस नाही, असं त्यांनी मुद्दाम घालायला लावलं. तुमच्यापैकी कुणी बघायला गेलात तर मागच्या सीटखालची चटई उचलून वास घ्या. मी सांगितलं असं मात्र तिथे बोलू नका. साडू आहेत.